आळीतलं पार्किंग: मोजपट्टीपासून अधिसूचनेपर्यंत

कोकणातल्या जुन्या वस्त्या मोटारींसाठी आखलेल्या नाहीत. रत्नागिरीतली एखादी आळी घ्या किंवा मालवणच्या मेढ्यातला रस्ता घ्या. दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे, कडेला उघडं गटार आणि मधे एके काळी बैलगाडी जाईल एवढी वाट. आता त्याच वाटेवर घरटी एक चारचाकी, दोन दुचाक्या, शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या आणि गणपतीत चाकरमान्यांच्या. अलिबागकडे तर २०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईकर गाडीसकट समुद्र ओलांडून येतो.

तक्रार सगळ्यांचीच असते. पण नगरपरिषदेत जाणारे दहांतले नऊ अर्ज एकाच वाक्याचे असतात: ‘आमच्या आळीतील बेकायदा पार्किंगवर कारवाई करावी.’ टेबलावरच्या कारकुनाला या वाक्याचं काहीही करता येत नाही, कारण बरेचदा ते पार्किंग बेकायदा नसतंच. फाटक अडवलेलं नाही, वळण नाही, पदपथ नाही आणि ‘नो पार्किंग’ची अधिसूचना नाही, अशा जागी कडेला सरळ लावलेल्या गाडीला पोलीस पावती फाडणार ती कशाखाली? तेव्हा ‘कारवाई करा’ ही मागणी नंतरची. आधी कारवाईला पाया तयार करायचा. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, कोणत्या बाजूला, किती ते किती वाजेपर्यंत, हे कागदावर आलं की अर्धं काम झालं.

रस्ता कोणाचा, हुकूम कोणाचा

पहिली गल्लत इथेच होते. रस्ता नगरपरिषदेचा असू शकतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, गावाच्या हद्दीत असेल तर जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचाही असू शकतो. बंदराकडे किंवा किनाऱ्याकडे जाणारे बरेच मुख्य रस्ते बांधकाम विभागाकडे असतात आणि त्यांना फुटणाऱ्या आळ्या नगरपरिषदेकडे. मालक चुकला की अर्ज सहा महिने या कचेरीतून त्या कचेरीत फिरतो.

मालकी कळली तरी पार्किंगबंदीचा हुकूम मालक काढत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधली तीन कलमं इथे कामाची. कलम ११५ वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचं, कलम ११६ वाहतुकीच्या पाट्यांचं आणि कलम ११७ वाहनतळ ठरवण्याचं. वाहनतळ ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायचा, असं ११७ मध्येच लिहिलेलं आहे. जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३३ आहे. ज्या जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही तिथे त्याखाली वाहतूक नियमनाचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनाच, मिळतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात व्यवहारातला क्रम म्हणून असा: नगरपरिषदेचा ठराव, जिल्हा वाहतूक शाखेची पाहणी, पोलीस अधीक्षकांचा अभिप्राय, जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना, मग पाट्या.

नगरपरिषदेने ठराव केला, वर्तमानपत्रात बातमी आली, पेढे वाटले आणि पुढे काहीच झालं नाही, असं घडतं ते म्हणूनच. ठराव म्हणजे शिफारस. तो दाखवून दंड करता येत नाही.

आणि कोणी स्वखर्चाने ‘नो पार्किंग’ची पाटी रंगवून गडग्यावर ठोकली, तर तिला कायद्यात किंमत नाही. अधिकृत नसलेली वाहतुकीची पाटी रस्त्यावर लावायला कलम ११६ चीच मनाई आहे. फाटकासमोर चिरे रचणं, कुंड्या मांडणं, दोरी बांधणं हा तर सार्वजनिक रस्त्यातला अडथळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मोहीम सुरू करण्याआधी आळीतले असले चिरे आपल्या हातांनी उचलून टाका. पाहणीला आलेल्या हवालदाराच्या नजरेला पहिल्यांदा तेच पडतात.

अधिसूचनेशिवाय होणारी दोन कामं

आळीत एखादी भंगार गाडी हमखास असते. टायर बसलेले, बोनेटवर पाचोळा, आत मांजरीची पिल्लं. सार्वजनिक जागी दहा तासांपेक्षा जास्त काळ बेवारस पडलेलं वाहन उचलायची तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये आहे. तारखेसकट दोन फोटो, वाहन क्रमांक आणि जागेची खूण देऊन वाहतूक शाखेला पत्र द्या. एक जागा मोकळी होते आणि आळीतल्या शंकेखोर माणसांनाही वाटतं की हे लोक काहीतरी करतायत.

दुसरं, फाटक अडवणं, पदपथावर चढवणं आणि गाडीला गाडी लावणं. या गोष्टी २०१७ च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे पाटी नसतानाही चूकच आहेत. दंड त्याच अधिनियमाच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपये. वेळच्या वेळी ११२ वर फोन करा, किंवा महाट्रॅफिक अॅपवर फोटो टाका.

मोजणी

सगळ्या मोहिमेचा कणा हाच, आणि नेमका हाच टप्पा लोक टाळतात. लागणारं साहित्य: तीस मीटरची फायबरची टेप, खडू, वही आणि तीन माणसं. टेप धरायला दोघं, लिहायला एक.

आधी रुंदी. दर वीस मीटरवर मोजा, गटाराच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. गटारावर लादी असेल तर ती गाडीचं वजन पेलते का ते पाहून लिहा. नुसतं ‘लादी आहे’ पुरत नाही. विजेचा खांब, डीपी, विहिरीचा कठडा, घराची पुढे आलेली पायरी, जिथे जिथे रस्ता आवळला आहे तिथे वेगळं माप घ्या. आळीची खरी रुंदी म्हणजे तिची सर्वांत अरुंद जागा. अग्निशमन बंब सरासरीवरून जात नाही.

आता हिशेब. घरगुती सात आसनी गाडी, समजा अर्टिगा, १.७४ मीटर रुंद आणि ४.४ मीटर लांब. आरसे आणि गटारापासून सोडलेली वीतभर जागा धरली की रस्त्याचे २ मीटर गेले. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोठ्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते, म्हणून बंब आणि रुग्णवाहिकेसाठी साडेतीन मीटर मोकळा पट्टा धरावा. यातून सरळ निघतं ते असं: रस्ता साडेपाच मीटरहून कमी असेल तर चारचाकी कोणत्याच बाजूला नको. साडेपाच ते साडेसात असेल तर एकाच बाजूला. त्याहून रुंद असेल तरच दोन्हीकडे. पहिल्या दोन प्रकारांत वाहतूक दुतर्फा असेल तर मधे एखादी गाडी बाजूला घेण्यापुरती जागा राखावी लागते.

मग लांबी. उदाहरण धरू, १८० मीटरची आळी आणि पार्किंग फक्त डाव्या हाताला. त्या बाजूला नऊ फाटकं, प्रत्येकी चार मीटर, म्हणजे ३६. दोन्ही टोकांच्या वळणांना दहा-दहा मीटर मोकळे, म्हणजे २०. डीपी, विहीर आणि देवळाचं तोंड मिळून १४. उरले ११० मीटर. एका गाडीला पुढेमागे काढायच्या जागेसकट सहा मीटर, म्हणजे कागदावर १८ गाड्या. प्रत्यक्षात दोन फाटकांमधला तुकडा कधी चार मीटरचा असतो, कधी नऊचा. चार मीटरच्या तुकड्यात गाडी बसत नाही आणि नवाच्या तुकड्यात एकच बसते. म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजा. अठराच्या चौदा-पंधरा होतात. वाया जाणाऱ्या तुकड्यांत दुचाक्या लावता येतात. आडव्या उभ्या केल्या तर मीटरला एक बसते.

तिसरी मोजणी गाड्यांची. चार वेळा: पहाटे सहा, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री साडेनऊ. एक साधा वार, एक आठवडा बाजाराचा वार, एक शनिवार आणि एक रविवार. पहाटे सहाची यादी सगळ्यात महत्त्वाची, कारण त्या वेळी उभी असलेली गाडी रात्री मुक्कामाला होती. ती घरची, भाड्याच्या बिऱ्हाडाची किंवा होमस्टेतल्या पाहुण्यांची. अकरा आणि पाचला जास्तीच्या आलेल्या गाड्या बाहेरच्या: बाजाराला, बँकेत, दवाखान्यात किंवा जेटीवर गेलेल्यांच्या. वहीत आरटीओ क्रमांक आणि शेवटचे चार आकडे एवढंच लिहा. एमएच-०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, ०६ रायगड, ०९ कोल्हापूर, १२ पुणे. पण नुसत्या पाटीवरून ‘बाहेरचा’ ठरवू नका. एमएच-०४ ची गाडी ठाण्यात नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याच्याच मुलाची असते आणि बैठकीत तुमची फजिती होते. वहीचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

हंगाम चुकला की मोजणी फुकट. मालवणात जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. त्या दिवसांत मेढ्यात मोजणी केलीत तर रस्ता ओस दिसेल आणि विरोधक तोच कागद तुमच्यासमोर नाचवतील. ऐन नाताळात मोजलंत तर उलट आरोप येईल की मुद्दाम गर्दीचे दिवस निवडले. नोव्हेंबरचा एक साधा आठवडा आणि दिवाळीच्या सुट्टीतला एक, असे दोन्ही द्या.

या मोजणीतून बहुतेक आळ्यांत एक अप्रिय गोष्ट बाहेर येते. जागा पंधरा गाड्यांची आणि पहाटे सहाच्या यादीत तेवीस. म्हणजे पर्यटक यायच्या आधीच आळी आपल्याच गाड्यांनी भरलेली. हा आकडा लपवू नका. तो लपवलेली मोहीम पहिल्याच पाहणीत उघडी पडते.

आपल्याच अंगणातल्या जागा

तेवीस वजा पंधरा, म्हणजे आठ गाड्या. त्यांची सोय आधी आळीतच शोधायची. कंपाउंडात जागा आहे पण फाटक अरुंद. तीन मीटरचं केलं तर गाडी आत जाते. पडवीत लाकूडफाटा आणि पत्रे रचलेत. नारळाच्या दोन झाडांमधे गाडी मावते, पण नारळ पडतो म्हणून कोणी लावत नाही; वर जाळी बांधली की प्रश्न मिटतो.

अपार्टमेंट असेल तर मंजूर नकाशा बघा. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत चारचाकीसाठी २.५ गुणिले ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ गुणिले २ मीटर जागा धरली आहे, आणि सदनिकांच्या आकाराप्रमाणे किती जागा हव्यात त्याचा तक्ता आहे. इमारत जुनी असेल तर तिच्या वेळचे नियम लागतात, पण नकाशा असतोच. खालच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये गोदाम, शिकवणी किंवा गाळा निघाला असेल तर ती नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाची बाब. बिल्डरने खांबांखालची किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्र विकू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नहालचंद लालूचंद खटल्यात सांगून ठेवलं आहे. अर्थात, शेजारच्या इमारतीची अशी तक्रार करायची की समजुतीने जागा मोकळी करून घ्यायची, हे आळीतली माणसं पाहून ठरवा. तक्रारीने जागा मोकळी होईल, पण अर्जावरच्या सात सह्या जातील.

होमस्टेवाल्यांशी बोलणं सगळ्यात नाजूक. ते आळीतलेच असतात, त्यांचं पोट त्यावर असतं, आणि बैठकीत पहिला सवाल त्यांचाच येतो: ‘मगे पावण्यांनी गाडी खंय लावची?’ उत्तर तयार ठेवा: जेवढ्या खोल्या तेवढ्या गाड्या आपल्या आवारात किंवा ठरवलेल्या जागेवर, आणि बुकिंग घेतानाच पाहुण्याला तसं सांगायचं.

मागायचं काय

सर्वांत टिकाऊ मागणी म्हणजे एका बाजूला कायमची पार्किंगबंदी. बाजू निवडताना जिकडे फाटकं जास्त ती बंद करा, म्हणजे चालू बाजूला सलग तुकडे मिळतात. वळणाचा आतला अंग नेहमी बंद. विहीर, डीपी, देऊळ आणि शाळेचं तोंड बंद. हे नकाशावर घरांच्या क्रमांकांसकट दाखवा.

सम-विषम तारखांचं पार्किंग शहरांत चालतं. आपल्याकडे रात्री बाराला बाजू बदलायला उठणार कोण? शिवाय एका मुक्कामासाठी आलेल्या पाहुण्याला ते समजेपर्यंत तो परत गेलेला असतो. दोन्हीकडे सारखीच फाटकं आणि सारखाच त्रास असेल, तरच विचार करावा.

वेळेची बंदी मात्र कामाची आहे. जेटी, बाजार किंवा देवळाजवळच्या आळीत त्रास सकाळी नऊ ते संध्याकाळी सातचा असतो. तेवढ्याच वेळेची बंदी मागितली तर रात्री घरच्या गाड्या लागू शकतात आणि विरोध निम्मा होतो. फक्त, दिवसा गाडी घरीच ठेवणाऱ्या निवृत्त मंडळींचं काय, हे आधी ठरवा. पर्यटकांच्या बसना प्रवेशबंदी ही वेगळी, छोटी मागणी आहे आणि ती लवकर मान्य होते.

रहिवाशांना पासाची मागणी बैठकीत हमखास निघते: स्टिकर लावलेल्या गाड्यांनाच परवानगी. ऐकायला गोड आहे. पण नगरपरिषद पातळीवर अशी तयार व्यवस्था नाही, पास कोणाला किती द्यायचे यावरून भांडणं, आणि पास तपासायला माणूस नाही. रस्ता सार्वजनिक आहे. घरासमोरची जागा घराची नाही. पासाच्या मागे लागून मूळ मागणी अडकवू नका. ‘पे अँड पार्क’चंही तसंच. एकदा ठेका गेला की घरची माणसंच पावती फाडून घेत बसतात.

मागणीबरोबर पर्यायी जागा सुचवायलाच हवी. अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. शहराच्या विकास आराखड्यात वाहनतळाचं आरक्षण कुठे आहे ते नगररचना विभागात पाहा. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली असतील तर घाई आहे: प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ खाली जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. याशिवाय सुट्टीच्या दिवशी मोकळी असणारी शाळेची पटांगणं आणि बाजार नसलेल्या दिवशी आठवडा बाजाराचं मैदान. शाळेचं संमतिपत्र आधीच जोडता आलं तर सोन्याहून पिवळं.

आळीची बैठक आणि सह्या

बैठक देवळात किंवा कोणाच्या तरी मोठ्या खळ्यात, रविवारी सकाळी नको. तेव्हा मासळीबाजार असतो. शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर बरी. मोजणीचा नकाशा दोन फूट लांब कागदावर काढून भिंतीला लावा. लोक नकाशासमोर उभे राहिले की ‘त्या अमक्याची गाडी’ हे बोलणं थांबतं आणि ‘या सहा मीटरांत काय करायचं’ हे सुरू होतं.

नानांच्या, काकूंच्या घरी सह्या घ्यायला दोघांनी जावं, एक गाडीवाला आणि एक बिनगाडीचा. नुसते बिनगाडीचे गेले तर मत्सर वाटतो, नुसते गाडीवाले गेले तर स्वार्थ. सहीसमोर पूर्ण नाव, घर क्रमांक, तारीख. भाडेकरूंच्या सह्याही घ्या. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही लिहून घ्या आणि तेही जोडा. ‘बावन्न घरांपैकी एकेचाळीस सहमत, सात विरोधात, चार घरं बंद’ असं लिहिलेला अर्ज ‘समस्त नागरिक’ म्हणणाऱ्या अर्जापेक्षा वजनदार असतो. बंद घरांच्या मालकांना मुंबईला फोन करा. गणपतीत आल्यावर ‘आम्हाला विचारलं कोणी?’ म्हणून तेच उभे राहतात.

शिमग्याचा एक मुद्दा रत्नागिरीकडे विसरू नये. पालखी घरोघर फिरते, तिला नाचवायला रस्ता लागतो. गाड्यांमुळे पालखी कुठे अडते ते नकाशावर दाखवलंत, की जे रुग्णवाहिकेच्या मुद्द्यावर गप्प बसले होते तेही बोलायला लागतात. गावकरी-मानकऱ्यांशी आधी बोलून घ्या.

निवेदन

दोन पानांपेक्षा मोठं नको. नकाशा, मोजणीचा तक्ता, सह्या, फोटो हे सहपत्र. नमुना असा:

प्रति, मा. मुख्याधिकारी, ______ नगरपरिषद.
विषय: ______ आळी, घर क्र. ___ ते ___ या दरम्यान रस्त्याच्या उत्तर बाजूस चारचाकी वाहनांस कायमस्वरूपी पार्किंग मनाई करणेबाबत.
महोदय, सदर रस्त्याची लांबी १८० मी. असून सर्वांत कमी रुंदी ५.६ मी. आहे (सहपत्र १). दोन्ही बाजूंस वाहने उभी राहिल्यास मध्ये १.६ मी. जागा उरते व रुग्णवाहिका जाऊ शकत नाही. दि. ___ ते ___ या कालावधीतील वाहनगणना सहपत्र २ मध्ये दिली आहे. दक्षिण बाजूस १५ चारचाकी वाहनांची सोय होते. उर्वरित वाहनांसाठीची पर्यायी व्यवस्था सहपत्र ३ मध्ये आहे. तरी सदर विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवून, ठराव व नकाशासह प्रस्ताव मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११५, ११६ व ११७ अन्वये कार्यवाहीसाठी मा. पोलीस अधीक्षक व मा. जिल्हाधिकारी यांजकडे पाठवावा, ही विनंती.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्याशिवाय फाइल ठरावावरच थांबते. प्रती वाहतूक शाखेला आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. आवक विभागात शिक्का, क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांच्या हातात दिलेलं, फोटो काढलेलं निवेदन आवक रजिस्टरात नसेल तर ते दिलेलंच नाही.

ठरावापासून हुकमापर्यंत

मधली काही वर्षं नगरपरिषदांवर प्रशासक होते. तेव्हा सगळा भार मुख्याधिकाऱ्यांवर असायचा. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत. विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत कोण आणतं आणि कोण अनुमोदन देतं हे आधी पक्कं करा. शक्यतो दोन वेगळ्या पक्षांचे सूचक-अनुमोदक घ्या. एकाच पक्षाचा विषय झाला की तो पार्किंगचा राहत नाही. मंजूर ठरावाची प्रत मागून घ्या आणि शब्द तपासा. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा ठराव असेल तर तो निरुपयोगी. त्यात मीटर, बाजू, वेळ आणि कलमं हवीत.

पाहणीच्या दिवशी वाहतूक शाखेच्या अंमलदाराबरोबर टेप घेऊन दोघंच जा. पंचवीस माणसं जमली की पाहणी होत नाही, सभा होते.

अधिसूचनेला वेळ लागत असेल तर एक सोपी वाट आहे. कलम ११५ मध्येच म्हटलं आहे की निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून पहिली मागणी एक महिन्याच्या प्रयोगाची करा, दिवाळीच्या सुट्टीपासून. प्रयोगाच्या महिन्यात पुन्हा तीच चार वेळांची मोजणी करा. कायमच्या अधिसूचनेवर हरकती-सूचना येतात तेव्हा हा आकडा कामी येतो.

काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘का झालं नाही’ असं विचारू नका, कारणं विचारली की ‘माहिती या संज्ञेत येत नाही’ असं उत्तर येतं. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणीची प्रत, ठरावाची प्रत, पोलीस अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत, असे कागद मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला अर्जाचं शुल्क नाही.

लोकशाही दिन तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी. इथे एक खाच आहे: तक्रार वैयक्तिक असावी लागते. सामूहिक निवेदन परत येतं. म्हणून आजारी माणूस असलेल्या एका घराने ‘माझ्या घरापर्यंत रुग्णवाहिका येत नाही’ असा स्वतःचा अर्ज द्यावा.

पाट्या आणि पट्टे

अधिसूचना निघाली आणि पाटी लागली नाही, तर दंड टिकत नाही. पार्किंगबंदीची पाटी निळी गोल, लाल कडा आणि एक तिरपी लाल रेघ. दोन रेघांची फुली असेल तर ती थांबायलाही मनाई करते. ती चुकून लावली गेली तर रिक्षातून उतरणाऱ्या आजीबाईही गुन्हेगार. खाली पूरक पट्टीवर वेळ आणि बाणाने व्याप्ती, मराठीत. पहिली आणि शेवटची पाटी अधिसूचनेत दिलेल्या बिंदूंवरच हवी, मधे वळण असेल तर आणखी एक. खालची कड साधारण दोन मीटरच्या वर, नाहीतर उभी व्हॅन ती झाकते.

खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पाइप दोन-तीन पावसांत बुडातून गंजतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप आणि बुडाशी काँक्रीटचा उतार मागा, म्हणजे पाणी साचत नाही. रस्त्यावरचे पट्टे पावसाळ्याआधी मारणं म्हणजे पैसे गटारात. रस्ता पूर्ण सुकल्यावर, नोव्हेंबरात, गरम थर्मोप्लास्टिकचे मारून घ्यावेत. साधा रंग एका मोसमात जातो. डांबरीकरण होणार असेल तर त्यानंतर. खर्चाची तरतूद अर्थसंकल्पात हवी आणि तो फेब्रुवारीत मंजूर होतो, म्हणून मागणी डिसेंबरातच लेखा विभागाकडे पोचली पाहिजे.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात दंड नको, चिठ्ठ्या लावा: बंदी कुठे, मोकळी जागा कुठे, चालत किती मिनिटं. वायपरखाली ठेवा, काचेला चिकटवू नका. टायरची हवा सोडणं, ओरखडे काढणं असले उद्योग कोणी करत असेल तर त्याला आळीनेच थांबवावं; नुकसान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा आहे, आणि एका ओरखड्याने सगळी मोहीम ‘गुंडांची’ ठरते.

दुसऱ्या आठवड्यापासून वाहतूक शाखेला गर्दीच्या नेमक्या वेळा लिहून द्या. त्यांच्याकडे माणसं थोडी असतात. ‘रोज या’ म्हटलं तर कोणी येत नाही, ‘शनिवारी अकरा ते एक’ म्हटलं तर येतात. पहिली पावती आळीतल्याच गाडीला फाटली तर फोन करून ती रद्द करवू नका.

त्रास शेजारच्या आळीत सरकणार, हे धरूनच चाला. तिथल्या लोकांना सुरुवातीपासून मोजणीत घ्या, नाहीतर महिन्याभरात त्यांची हरकत तुमच्या अधिसूचनेवर येईल. आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी शाळेच्या पटांगणाचं संमतिपत्र नव्याने घ्या. मुख्याध्यापक बदलले असतील, तर जुनं पत्र चालत नाही.